मिस्किटा सरांचं शेवटचं रीडिंग

आईवडील सोडून मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आल्बर्ट मिस्किटा सरांचा. कल्याणच्या कॉलेजात ते आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. आज मी डोंबिवलीत मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या सहीनं एखादा मीटर बरोबर ठरतो किंवा बाद होतो. ती सही करताना सर मागे उभे आहेत असं मला अजूनही वाटतं, आणि पेन क्षणभर थांबतं.

सर बारीक चणीचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी टेस्टर, आणि पँटच्या मागच्या खिशात एक छोटी पक्कड, जिच्या मुठीवरचं लाल रबर झिजून गुळगुळीत झालेलं. प्रयोगशाळेत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. ते ठाण्याजवळच्या कोलशेतच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. ख्रिश्चन माणूस म्हणजे इंग्रजीच बोलणार, अशी मुरबाडच्या शाळेतून येताना माझी खात्री झालेली. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "माय नेम इज संतोष भोईर, सर."

"हे इंग्रजीतलं झालं. मराठीत काही वेगळं आहे का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत, उत्तराची वाट बघत राहिले.

"नाही सर. संतोष भोईरच."

"मग तेवढंच सांग. घामाघूम कशाला होतोस?"

माझं नशीब बदललं ते पहिल्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलमध्ये. प्रयोग साधा होता. व्होल्टेज थोडं थोडं वाढवत न्यायचं, दर वेळी करंट किती ते लिहायचं, आणि आलेख काढायचा. सगळ्यांचे आलेख सरळ रेषेत आले. माझा वरच्या टोकाला वाकला. सरांनी माझं जर्नल उचललं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे रीडिंग कुठून आणलंस?"

"मीटरवरून, सर."

"बाकीच्यांनी कुठून आणलंय?"

बाकीच्यांनी सीनियरच्या जर्नलमधून उतरवलं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या ओळखीचा सीनियरच नव्हता.

सरांनी तिथल्या तिथे मीटर उघडला. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग एका बाजूला अडकत होती, म्हणून काटा वरच्या टोकाला पोचतच नव्हता. "हा मीटर किती वर्षं खोटं बोलतोय देव जाणे," ते म्हणाले, "आणि इतक्या जर्नलांत कुठेही त्याचं खोटं लिहिलेलं नाही. सगळे त्याला सांभाळून घेतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलेलं रीडिंगसुद्धा लिहायचं, भोईर. चूक किती आहे ते फक्त चुकलेलं रीडिंगच सांगू शकतं. ते टाकून दिलंस की परत येण्याची वाट गेली."

त्या दिवसापासून लेक्चर संपल्यावर त्यांनी मला थांबवून घ्यायला सुरुवात केली. इंग्रजी पुस्तकाचं एक पान मी मोठ्यानं वाचायचं, मग पुस्तक मिटून तेच मराठीत सांगायचं. मराठीत सांगता आलं नाही तर ते पान उद्या परत. तीन वर्षं हे चाललं. पुढे डोंबिवलीची नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. काम काय, ते मी वडिलांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लोकांचे काटे खरे की खोटे ते बघायचं." ते आयुष्यभर भाताच्या गिरणीत होते. "जपून कर बाबा. काटा खोटा निघाला की शिव्या गिरणीवाल्या माणसाला खायला लागतात." सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना एकदा लेक्चरला आण."

सरांचा दुसरा नियम त्या पकडीचा. दुरुस्तीत जो पार्ट काढला तो तिथल्या तिथे निकामी करायचा. ट्रान्झिस्टर असेल तर पाय कापायचा, जुन्या रेडिओत असतो तसा काचेचा व्हॉल्व्ह असेल तर पकडीनं काचेचं टोक फोडायचं. सर टेबलापाशी येऊन विचारायचे, "काढला?"

"हो सर."

"मोड."

कारण विचारलं तर एकच वाक्य. "मेलेला परत जिवंतांत जाऊन बसला की तो कोण, ते ओळखता येत नाही." एकदा आमच्या बॅचच्या नितीननं खराब ट्रान्झिस्टर आळसानं परत चांगल्यांच्या डब्यात टाकला होता. सरांनी अख्खा डबा टेबलावर ओतला आणि सगळ्यांना एकेक पार्ट तपासायला लावला. संध्याकाळपर्यंत कोणी घरी गेलं नाही. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये टवका उडालेला ग्लास समोर आला की कोणीतरी सरांच्या आवाजात म्हणायचं, "काढला? मोड." आणि कॅन्टीनवाला शेट्टी ओरडायचा, "मोडायचा तर तुमच्या घरचा मोडा रे!"

सर निवृत्त झाल्यावरही मी महिन्यातून एखाद्या रविवारी कोलशेतला जात राहिलो. बैठं कौलारू घर, दारासमोर चुन्यानं रंगवलेला क्रूस, मागे खाडीचा वास. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहत होत्या, त्यामुळे सरांच्या अंगणात ऊन आता दुपारीच यायचं. ॲग्नेस मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, ठाण्यातल्या एका शाळेत गाणं शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढे उभ्या असायच्या. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. पहिल्या भेटीत गाव विचारलं आणि तेच नाव ठेवलं.

"ए मुरबाड, आयलास? बस. फुगे तळतेय."

फुगे म्हणजे मैद्याचे गोल, हलके वडे. मी ते खात असताना सर मला त्यांच्या टर्नटेबलचा पॉवर सप्लाय उघडून दाखवायचे. तो त्यांनी स्वतः बांधला होता. फार वर्षांपूर्वी कोलशेतला विजेचा भरवसा नव्हता. कारखाने सुरू झाले की घरातला दिवा पिवळा व्हायचा, आणि रेकॉर्ड वाजवणारी मोटरही मंदावायची. मोटर मंदावली की गाण्याचा सूर खाली यायचा आणि मॅडम चिडायच्या. म्हणून सरांनी व्हॉल्व्ह वापरून मोटरला वेगळी, गाळलेली वीज देणारा सप्लाय केला. त्यातला पहिला व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा.

"घरातली वीज पुढेमागे धावत असते," सर सांगायचे. "हा तिला एकाच दिशेनं सोडतो. उलट येऊ देत नाही. याच्यावर बाकी सगळं अवलंबून."

"ह्यांनी लग्न झाल्या झाल्या मला पहिल्यांदा हेच समजावलं होतं," मॅडम आतून म्हणायच्या.

"मग समजलं का, मॅडम?"

"झोप लागली."

संध्याकाळची प्रार्थना झाली की मॅडम वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "बाईंना लावा." बाई म्हणजे जुन्या भावगीतांच्या एका रेकॉर्डवरच्या गायिका. मॅडमनी त्यांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही, फक्त बाई. रेकॉर्ड सुरू झाली की मॅडम डोळे मिटून बरोबरीनं गायच्या. बरोबरीनं म्हणजे किंचित मागून. प्रत्येक शब्द बाईंचा आधी, मग लगेच त्यांचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बाईंच्या पुढे नाही जायचं. पाठीमागून जायचं, बोट धरल्यासारखं." माझं लग्न झालं तेव्हा सारिकाला घेऊन मी पाया पडायला गेलो, त्याही दिवशी मॅडम गायल्या. सारिका इतकी हरखली की फोन काढून शूटिंग करत बसली. परतताना म्हणाली, "आपण म्हातारे झाल्यावर असं काहीतरी करायचं हं."

मग मॅडमना विसरायला होऊ लागलं. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग घर. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. त्या दिवशी, अजून कळत होतं तेव्हा, त्यांनी सरांना एकच गोष्ट मागितली होती. "मला कुठे नेऊन ठेवू नका." सरांनी शब्द दिला. मुलगा ग्लेन घोडबंदर रोडला मोठ्या सोसायटीत राहतो. चांगला मुलगा आहे, दर रविवारी तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून यायचा. त्याचं म्हणणं वेगळं होतं. सत्तरी उलटलेला एकटा माणूस आणि दार उघडं दिसलं की चालू लागणारी बाई. एकदा त्या खाडीकडच्या रस्त्यावर सापडल्या होत्या, मिठागरात सासऱ्यांना जेवणाचा डबा द्यायला निघाल्या होत्या. ते मिठागर केव्हाच बुजलं होतं.

"पप्पा, सिस्टरांच्या आश्रमात चांगली सोय आहे. चोवीस तास माणूस असतं."

"गाते तोवर ती इथे राहील," सर म्हणायचे.

ते हट्टानं बोलत नव्हते. दिवसभर मॅडम कशाही असल्या तरी संध्याकाळी बाई लागल्या की त्या गायच्या. सगळे शब्द, सगळ्या हरकती. गाणं झालं की शांतपणे जेवायच्या आणि झोपायच्या. त्या अर्ध्या तासावर घर उभं होतं. ग्लेनलाही ते दिसत होतं, म्हणून तो थांबला होता.

अशात सरांना एक दिवस टर्नटेबल पुसताना शंका आली. वेग तपासायची त्यांची एक पुठ्ठ्याची चकती होती, कडेला काळ्या रेघा आखलेली. ती फिरवून बारीक निऑन दिव्याखाली धरली आणि वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्या मागे सरकत होत्या, म्हणजे वेग कमी पडत होता. रेक्टिफायर थकला होता. सरांचे स्वतःचे कान एव्हाना उतरले होते, त्यामुळे सूर खाली आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

मला फोन आला. ते नेहमी फोनवर मोठ्यानं बोलायचे. "भोईर, उल्हासनगरला जुन्या रेडिओवाल्यांकडे बघ. पण तोच नंबर नको, वरचा आण. आधीचा वाटेत स्वतःच बरंच व्होल्टेज खातो. वरचा कमी खातो, पुढे जास्त देतो, आणि सावकाश तापतो म्हणून कंडेन्सरना धक्का बसत नाही." मग म्हणाले, "तिला आता एवढंच ओळखीचं उरलंय. ते तरी बरोबर वाजायला पाहिजे."

मी शहाडला राहतो, उल्हासनगर शेजारीच. दोन-तीन दुकानं पालथी घातल्यावर न वापरलेला एक व्हॉल्व्ह मिळाला. रविवारी दुपारी सरांनी काम केलं. वाढलेलं व्होल्टेज झेपावं म्हणून कंडेन्सर आधीच बदलून ठेवले होते. सोल्डरचा एकही टाका वाकडा पडला नाही. नवा व्हॉल्व्ह बसवला, सप्लाय सुरू केला. काच हळूहळू आतून नारिंगी झाली. चकती फिरू लागली आणि रेघा उभ्या राहिल्या, छापल्यासारख्या.

"बघ," सर म्हणाले. "हलत नाहीत." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी नंतर पाहिला नाही.

जुना व्हॉल्व्ह टेबलावर पडला होता. सरांनी मागच्या खिशातून पक्कड काढली आणि, कोणी घाम पुसावा इतक्या सहज, त्याचं टोक फोडलं. बारीक आवाज झाला. व्हॉल्व्हच्या आत एक चकचकीत चंदेरी डाग असतो. हवा आत शिरली की तो पांढरा पडतो. आमच्या डोळ्यांदेखत तो पांढरा पडला.

संध्याकाळी मॅडम खुर्चीत बसल्या. "बाईंना लावा." सरांनी सुई ठेवली. पहिली ओळ सुरू झाली, मॅडमनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज वर गेला, चिरकला, थांबला. त्यांनी डोळे उघडले आणि रेकॉर्डकडे पाहिलं.

"ही कोण?"

"बाई आहेत, ॲग्नेस."

"ह्या बाई नव्हे. कोणतरी पोर आहे." मग घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "पळते माझ्या पुढं. थांबव ना तिला."

मला कळलं ते असं, आणि सरांना माझ्या आधी कळलं असणार. व्हॉल्व्ह एका दिवसात थकला नव्हता. वर्षानुवर्षं थोडा थोडा थकत गेला आणि तसतसा बाईंचा सूर खाली येत गेला. त्याच वर्षांत वयानं मॅडमचा आवाजही खाली येत गेला. दोघी बरोबरीनं उतरल्या. आता बाई एका दुपारी पुन्हा तरुण झाल्या होत्या, आणि मॅडम जिथे होत्या तिथेच राहिल्या.

सर उठून टेबलापाशी गेले. फुटलेला व्हॉल्व्ह उचलून दिव्यासमोर धरला. मग तो खाली ठेवला. त्या संध्याकाळी मॅडम जेवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी जुन्याच नंबरचा व्हॉल्व्ह शोधून नेला. तो बसवून पाहिला. मॅडम तशाच गप्प.

"नंबर तोच आहे, पण हा ताजा आहे," सर म्हणाले. "थकलेला कुठून आणशील? थकायला त्याला वर्षं लागली."

मग त्यांनी कॉलेजनं मोडीत काढलेला एक रिओस्टॅट आणला. तारेच्या लांब गुंडाळीवर पितळी पट्टी सरकवायची, की वीज हवी तेवढी कमी होते. तो त्यांनी सप्लायच्या आधी जोडला. आता वेग हवा तितका खाली आणता येत होता. पण किती खाली? ते कोणाला माहीत नव्हतं. रेघा मागे सरकताना सरांनी पाहिल्या होत्या, किती वेगानं सरकतात ते मोजलं नव्हतं. मॅडम नुसतं गायल्या असत्या तरी सूर मोजता आला असता, पण बाईंशिवाय त्या गात नव्हत्या, आणि बाई सापडत नव्हत्या.

"तुम्हाला सगळ्यांना शिकवलं, चुकलेलं रीडिंगपण लिहायचं," ते एकदा मला म्हणाले. "घरात वेळ आली तेव्हा वाटलं, चूक आहे ती कशाला मोजायची, दुरुस्तच करून टाकू. आणि जो नियम मोडायचा तो नेमका पाळला." ते पकडीकडे बघत नव्हते, पण मी बघितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. मॅडम खुर्चीत, सर टर्नटेबलापाशी, एक बोट पितळी पट्टीवर. पट्टी केसभर सरकवायची, मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायचं. एखाद्या दिवशी मॅडम कान देऊन ऐकायच्या, सरांचं बोट थबकायचं. मग त्या म्हणायच्या, "पळते." किंवा, पट्टी जास्त सरकली असली तर, "ही आजारी आहे काय? डॉक्टरकडे न्या तिला." किंवा काहीच नाही. पावसाळा गेला, दिवाळीत सरांनी दारात लावलेल्या चांदणीच्या कंदिलाखाली मॅडम उभ्या राहून "आमचं घर कुठलं" असं विचारू लागल्या. रात्री झोप नाही. सर अर्धे झाले. एकदा मॅडमना आवरताना पडले आणि मनगट मोडलं. प्लॅस्टरमधला हात गळ्यात आणि दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर, असे ते मला दिसले. ग्लेन दारात उभा होता, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, तुम्हीच सांगा ना त्यांना. माझं ऐकत नाहीत. दोघंही जातील अशानं."

मी काही सांगितलं नाही. सरांनी स्वतःच ठरवलं. नाताळ होऊ दे, म्हणाले. मॅडमना आश्रमात न्यायला नाताळनंतरचा सोमवार ठरला.

आदल्या दिवशी, रविवारी, मी गेलो. मॅडमची बॅग भरून दाराशी ठेवली होती. वर त्यांची चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत. मॅडम आता खुर्चीत बसू शकत नव्हत्या, पलंगावर उशांना टेकून होत्या. मला पाहून "मुरबाड" म्हणतील असं उगाच वाटलं होतं. त्यांनी पाहिलं, बस.

प्रार्थना झाली. "बाईंना लावा" असं कोणी म्हणालं नाही. सरांनी सुई ठेवली आणि पट्टीवर बोट ठेवलं. बाई गाऊ लागल्या, जड, सावकाश. सरांनी पट्टी किंचित पुढे नेली, किंचित मागे आणली, आणि थांबवली. त्यांना आता कानातल्या यंत्राशिवाय काही ऐकू येत नव्हतं आणि यंत्र घातलं की नुसती खरखर यायची, म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलं होतं. त्यांची पाठ पलंगाकडे होती. न वळता त्यांनी विचारलं, "भोईर, गातेय का?"

मी मॅडमकडे पाहिलं. पलंगाजवळ गेलो, वाकून कान नेला.

हो म्हणणं सोपं होतं. ग्लेन माझ्याकडे बघत होता, आणि मी हो म्हणावं असंच त्याचे डोळे सांगत होते. पण विचारणारे मिस्किटा सर होते.

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. "नाही सर. ओठ हलतायत. आवाज नाही."

त्यांनी मान हलवली. रीडिंग घेतल्यावर हलवायचे तशी, एकदाच. गाणं संपेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.

सोमवारी मॅडमना आश्रमात नेलं. तिथे त्यांची नीट काळजी घेतली, मी दोनदा जाऊन पाहिलं. उन्हाळा लागायच्या आत त्या वारल्या. कोलशेतच्या चर्चमागे त्यांना ठेवलं तेव्हा बाकीचे गात होते आणि सर त्यांच्या तोंडांकडे बघत होते.

घर बंद करून सर ग्लेनकडे राहायला गेले तेव्हा टर्नटेबल, सप्लायसकट, त्यांनी मला दिलं. मी टेम्पो घेऊन गेलो. रिओस्टॅटची पितळी पट्टी त्यांनी दोऱ्यानं घट्ट बांधली होती, गाठीवर मेण ओतलं होतं.

"हे त्या रविवारचं आहे," ते म्हणाले. "हलू देऊ नको. बरोबर होतं की चूक, ते सांगणारा मीटर आता गेला." आणि मी टेम्पोत चढताना म्हणाले, "मी तो व्हॉल्व्ह फोडला नसता, तर ती घरातून गेली नसती."

टेम्पो वळला तेव्हा ते क्रुसापाशी पाठमोरे उभे होते. पँटच्या मागच्या खिशात पक्कड नव्हती. खिसा तेवढा तिच्या आकारानं सैल पडला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी सारिकानं नवा फोन घेतला आणि जुन्यातले फोटो काढून घ्यायला मला बसवलं. सरांना फोनवर आता काहीच ऐकू येत नाही. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं.

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

सारिकाच्या जुन्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडला. आमचं लग्न झाल्यावर आम्ही पाया पडायला आलो होतो त्या संध्याकाळचा. व्हॉल्व्ह बदलण्याच्या बऱ्याच आधीचा. त्यात मॅडम पूर्ण गाणं गातात. बाईंचा आवाजही स्पष्ट आहे.

मी तो प्रयोगशाळेत नेला. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बाई एक सूर लांबवतात, तो मोजला. फोनमुळे फरक पडतो का ते आधी तपासलं, पडत नाही. मग घरी तुमचं टर्नटेबल लावलं. पट्टी तुम्ही बांधली होती तशीच आहे, गाठ सोडलेली नाही. सप्लायच्या मागे तुम्ही पेन्सिलीनं त्या रविवारचं व्होल्टेज लिहून ठेवलं आहे, तेवढंच दिलं. तोच सूर पुन्हा मोजला.

दोन्ही जुळतात. थोडा फरक आहे, तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. तुमचा किंचित खाली आहे. पण व्हिडिओनंतर जुना व्हॉल्व्ह आणखी काही काळ वापरात होता, तेव्हा तो आणखी थकला असणार. म्हणजे तुमचंच जास्त बरोबर असावं.

व्हॉल्व्ह बदलला त्या दिवसाबद्दल आणि मधल्या महिन्यांबद्दल हे रीडिंग काही सांगत नाही. त्यांबद्दल मी काही लिहिलं तर ते सीनियरच्या जर्नलमधून उतरवल्यासारखं होईल. हे फक्त त्या रविवारबद्दल आहे. त्या रविवारी सूर बरोबर होता.

आणखी एक. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, गातेय का. मी आवाजाबद्दल सांगितलं, कारण तुम्ही तेवढंच विचारलं होतं. ओठांबद्दल पूर्ण सांगितलं नाही. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता, व्हिडिओ पाहताना कळला. व्हिडिओत मॅडम प्रत्येक शब्द बाईंच्या लगेच मागून घेतात. त्या रविवारीही त्यांचे ओठ तसेच हलत होते. प्रत्येक शब्दाला, बाईंच्या लगेच मागून, शेवटपर्यंत.

बाई त्या दिवशी त्यांच्या पुढे पळत नव्हत्या, सर.

आपला विद्यार्थी,
संतोष भोईर